केस कानामागे

कॉलेजच्या मुख्य इमारतीत जिन्याखाली एक खोली आहे. दारावर 'ओळखपत्र विभाग' अशी पाटी आहे, पण विभाग म्हणावं असं आत काहीच नाही. जमिनीला स्क्रूने बसवलेलं एक स्टूल, मागे राखाडी पडदा, दोन दिवे, एक कॅमेरा, कार्डावर प्लास्टिक चढवणारं यंत्र आणि एक माणूस. उंच माणसाला त्या खोलीत मान वाकवून उभं राहावं लागतं. हा माणूस बुटका, म्हणूनच बावीस वर्षं टिकला, असं तो स्वतःच सांगायचा.

त्याला सगळं कॉलेज कानमामा म्हणायचं. तोंडावर नुसतं मामा.

"या, बसा. मान सरळ. हनुवटी खाली. एवढी नाही हो, झोपलात की काय? केस कानामागे. दोन्ही कान. हसू नका, हा फोटो कुठल्या स्थळाकडे जायचा नाहीये." खटक. "उठा. पुढचा!"

कानांचं हे खूळ त्याचं स्वतःचं होतं. नियमात फक्त 'चेहरा स्पष्ट दिसावा' एवढंच लिहिलेलं. पण मामाचं म्हणणं असं की चेहऱ्याचा काय भरवसा? पहिल्या वर्षी गाल असतात, तिसऱ्या वर्षी नसतात. दाढी येते, चष्मा येतो, प्रेमभंग झाला की भुवया कोरल्या जातात. कान मात्र जन्माला आला तोच मरेपर्यंत. कोणाची पाळी चिकटलेली, कोणाची लोंबती, कोणाची कड दुमडलेली, जणू घाईत शिवलेली कॉलर. कार्ड हरवलं म्हणून रडत आलेल्या पोरीचा नुसता कान बघून तो जुनी फाइल काढून द्यायचा.

आणि या विद्येचं त्याने एकदा प्रदर्शनही केलं होतं. जुन्या प्राचार्यांच्या निरोप समारंभात प्राध्यापकांना ओळीने उभं केलं, प्रत्येकाच्या तोंडासमोर फाइल धरायला लावली, आणि मामाने नुसत्या कानांवरून एकोणीसच्या एकोणीस नावं सांगितली. हॉल टाळ्यांनी दणाणला. कुलसचिव साहेबही टाळ्या वाजवत होते. मामाला ते फार दिवस आठवत राहिलं. बायकोला त्याने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "अहो, आता माझे कान किटले."

त्याची मुलगी याच कॉलेजात होती. घरी तिला मिरची म्हणत. प्रवेश घेतला त्या दिवशी मामाने तिला बजावलं होतं, "तिथे मी तुझा बाप नाही. चारचौघांसारखं मामा म्हणायचं. अहो-जाहो करायचं. वशिल्याची पोर म्हणून कोणी बोट दाखवायला नको." मिरचीला ही अट इतकी आवडली की फोटोच्या रांगेतच ती सुरू झाली. "मामा, अहो मामा, माझा जरा गोरा काढा ना!" मागची पोरं हसली. मामाने तोंड वाकडं केलं, पण खटक करताना त्याचाच हात हलला आणि फोटो दोनदा काढावा लागला.

तिच्या डाव्या कानाची पाळी फाटून सांधलेली होती. तीन वर्षांची असताना झोपाळ्याच्या साखळीत डूल अडकलं. झोका मामाच देत होता. केस कानामागे घेतले की ती पांढरी रेघ दिसायची, आणि तिने ती कधी लपवली नाही.

मिरची नकला फार छान करायची. जेवताना तिच्या नकलांत दोन माणसं हमखास यायची. एक सत्ताधारी पक्षाचे भाऊ. पोट पुढे, डोळे अर्धे मिटलेले. "तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. शंभर टक्के! फक्त वेळ बरोबर नाही." आणि दुसऱ्या विरोधी पक्षाच्या ताई. मान हलवत, समोरच्याच्या खांद्यावरून मागे बघत, "नोंद घेतलीय मी. अगदी मनापासून नोंद घेतलीय." मामा खो खो हसायचा. दोघांच्याही पक्षाची सदस्यकार्डं त्यानेच बनवून दिली होती, रविवारी, कॉलेजचं काम नसताना. भाऊंचे कान चिकटलेले, ताईंचे पसरट. दोघांशीही त्याचं बरं जमायचं.

तर हे सगळं ज्या दिवशी फिरलं, तो दिवस अगदी साधा होता. कार्डांच्या नूतनीकरणाची रांग होती. रांगेत एक परदेशी मुलगी आली. तिच्या देशात तिसरं वर्ष युद्ध चाललं होतं. आपली भाषा ती पुस्तकातून शिकलेली, म्हणून पुस्तकासारखीच बोलायची.

"मामा, येथे मी काय लिहावे?"

तिचं बोट 'कायमचा पत्ता' या रकान्यावर होतं.

"गेल्या वर्षी लिहिलात तोच लिहा की."

"ते घर आता नाही."

"मग घर नंबर सोडा. गल्लीचं नाव लिहा."

"गल्लीही नाही, मामा."

मागून कोणीतरी ओरडलं, "काय चाललंय पुढे?" मामाने पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. शेवटी त्यानेच गेल्या वर्षीच्या अर्जावरून तो पत्ता उतरवून काढला, घर नंबरासकट, कारण रकाना मोकळा राहिला तर कॉम्प्युटर अर्ज घेत नाही. मुलगी म्हणाली, "आभारी आहे." जाताना तिने कानामागे घेतलेले केस पुन्हा पुढे ओढले. लांबट, अरुंद कान, वरच्या कडेला दोन बारीक भोकं.

रात्रीच्या जेवणाला त्याने हे घरी सांगितलं. सहज, काहीतरी सांगायचं म्हणून. मिरचीने घास ताटात परत ठेवला.

"बाबा, आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काच घासतात ना, ती कुठे जाते ठाऊक आहे तुला?"

"काच म्हणजे, दुर्बिणीला वगैरे लागत असेल."

"बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना लागते. पायलट नसलेल्या. करार आहे कॉलेजचा एका कंपनीशी. त्या कंपनीची विमानं तिच्या गावावर जातात."

"कोणी सांगितलं?"

"छापील आहे. ताईंचं सरकार होतं तेव्हा करार झाला. भाऊंच्या सरकारने वाढवला. बाकी एकमेकांची तोंडं बघत नाहीत दोघं, पण त्या कागदावर दोघांच्या सह्या शेजारी शेजारी आहेत."

दुसऱ्या दिवसापासून मिरची मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. आधीच तिथे वीसएक पोरं होती. मागणी एकच, करार मोडा. थंडीचे दिवस, सगळ्यांनी तोंडाला मफलर गुंडाळलेले, त्यामुळे थंडीही अडायची आणि ओळखही झाकली जायची. परदेशी मुलगी शेवटच्या पायरीवर बसायची, बोलायची नाही. अठरा दिवस भाऊ आले नाहीत, ताई आल्या नाहीत. एकोणिसाव्या दिवशी पोलीस आले. पंधरा मिनिटांत पायऱ्या रिकाम्या झाल्या. दाराची काच फुटली, ती कोणाच्या लाठीने की कोणाच्या डोक्याने, यावर दोन मतं होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी कुलसचिव साहेबांनी मामाला वर बोलावलं.

साहेब माणूस गोड. कधी आवाज चढवत नाहीत. "या मामा, बसा. असं बघा, आपण सगळे एकच कुटुंब. हो की नाही?" त्यांनी एक जाड फोल्डर पुढे सरकवलं. "एकतीस फोटो आहेत. इमारतीवरच्या कॅमेऱ्यातून काढलेत. तोंडं झाकलेली आहेत, काही कळत नाही. पण मला एकदम आपला तो निरोप समारंभ आठवला! काय कमाल केली होती तुम्ही!"

मामाने पहिलं पान उलटलं. मफलर, टोपी, आणि मध्ये कान. उजेड चांगला होता. त्याला हसू आवरेना, म्हणजे भीतीने येतं तसलं हसू. पहिला कान, रसायनशास्त्र, दुसरं वर्ष. दुसरा कान, वाणिज्य. बारावं पान, लांबट कान, वर दोन भोकं. सतरावं पान...

त्याने फोल्डर मिटलं.

"चष्मा खाली राहिला, साहेब."

"अहो, घाई नाही. दोन दिवस घ्या. मी काय म्हणतो, मामा, हे पोरांच्या भल्याचंच आहे. नावं आपल्याला इथेच कळली, तर इथेच मिटेल. एक वर्षाचं निलंबन, बस. नाही कळली, तर हे फोटो मला पोलिसांकडे द्यावे लागतील. मग खटले. मग जन्मभराचा डाग. तुम्हाला आवडेल का ते?"

घरी मामाने दार लावून घेतलं आणि मिरचीला समोर उभं केलं.

"तोंड झाकलं होतंस ना?"

"झाकलं होतं की."

"आणि कान?"

मिरचीचा हात डाव्या पाळीवर गेला. आधी ती हसलीच. "काय बाबा! कानावरून ओळखणारा जगात तू एकटाच!" मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि खालचं सगळं निघून गेलं. "तुला बोलावलं होतं?"

तो ताटं मांडायला लागला.

"तू नाही सांगणार." हे तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "बाबा, त्या मुलीला इथे राहायची परवानगी कॉलेज चालू आहे तोवरच आहे. नाव कटलं की पंधरा दिवसांत परत. परत म्हणजे कुठे, तूच तिचा पत्ता लिहिलास ना?"

"जेव आधी," मामा म्हणाला. घरात दुसरं काही सुचलं नाही की तो हेच म्हणायचा.

सकाळी तो भाऊंच्या कार्यालयात जाऊन बसला. बाहेरच्या बाकावर अडीच तास. आत गेल्यावर भाऊंनी खांद्यावर हात ठेवला. "अरे, आपला कार्डवाला! बोला."

मामाने सांगितलं. पोरं लहान आहेत. काही तोडफोड केलेली नाही. हे प्रकरण इथेच थांबवा.

"तुमचं म्हणणं," भाऊ डोळे अर्धे मिटून म्हणाले, "शंभर टक्के बरोबर आहे."

 पुढचं वाक्य मामाला पाठ होतं.

"फक्त वेळ बरोबर नाही. निवडणूक तोंडावर. युद्ध वाईटच हो. मी तर भाषणातही म्हणतो, वाईटच. पण कुठलं ते युद्ध, कुठले आपण! आणि मामा, तुम्ही एवढे का अस्वस्थ? घरचं कोणी आहे का त्यात?"

मामाने मान खाली घातली. माणूस बोलून जेवढं सांगतो त्याहून हे जास्त होतं.

"असं होय! मग काळजी सोडा. एक फोन टाकतो मी," भाऊ म्हणाले.

तिथून तो ताईंकडे गेला. त्याच रस्त्यावर चार दारं सोडून. बाहेरचा बाकही त्याच बनावटीचा. ताईंनी त्याच्या खांद्यावरून मागे बघत सगळं ऐकून घेतलं. "भयंकर आहे हे. सरकारने मुलांवर लाठ्या चालवल्या. नोंद घेतलीय मी."

"ताई, नोंद नको. एक शब्द टाका कुलसचिवांकडे. आणि तो करार..."

"कराराचा विषय वेगळा आहे," ताई एकदम त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. नकलेत मिरची हे कधी करायची नाही, तिने ते पाहिलंच नव्हतं. "तुम्ही असं करा. जखमी झालेली एखादी मुलगी आहे का? तिला घेऊन या. डोक्याला पट्टी असेल तर उत्तमच. पत्रकार बोलावते. तुमचीच मुलगी असेल तर प्रश्नच मिटला."

मामा जिना उतरला. खाली पोचल्यावर त्याला वाटलं आपण छत्री वर विसरलो. मग आठवलं की त्याने छत्री आणलीच नव्हती.

भाऊंनी शब्द पाळला. फोन खरोखर केला. त्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी कुलसचिव साहेबांनी मामासाठी चहा मागवला.

"अहो, मला आधी नाही का सांगायचं? आपलीच मुलगी! असं बघा, मामा, मीही बाप आहे." त्यांनी फोल्डर उघडून कोरी यादी बाहेर काढली. आडव्या रेघा, एक ते एकतीस. "एखादा कान तुम्हालाही ओळखू आला नाही, तर मी समजू शकतो. माणूस आहे, चुकणारच. तिथे लिहा, अनोळखी."

मामाने पेन हातात घेतलं. "दोन असले तर, साहेब?"

"दोन?" साहेबांनी चहा ढवळला. "एक चालेल. दोन झाले तर मला वर उत्तर द्यावं लागेल. मग सगळेच पोलिसांकडे. एकतीसच्या एकतीस."

खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या. सफाईवाली काचा गोळा करत होती. मामाने स्वतःशी बरंच काही मांडलं. एक वर्ष म्हणजे काय, असं. पोलिसांपेक्षा बरं, असं. परदेशी मुलीचं काहीतरी होईल, कोणीतरी बघेल, असं. तो लिहू लागला. अक्षर त्याचं फार सुबक, कार्डावर शोभणारं. अकरा नावं लिहून झाल्यावर हात थांबला. चहावर साय धरली. मग त्याने बारावं नाव लिहिलं, परदेशी नाव, एकही अक्षर न चुकता. सतराव्या ओळीवर लिहिलं, अनोळखी. आणि पुढे चौदा.

यादी सोमवारी फलकावर लागली. तीस नावं. मामा जिन्याखालून बाहेर आला नाही. त्याला गर्दीचा आवाज ऐकू येत होता, मग शांतता, मग कोणीतरी मोठ्याने रडल्याचा आवाज. मिरचीने यादी वाचली, हे त्याला नंतर सफाईवालीने सांगितलं. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. फक्त एकच नाव नव्हतं, तिचं. मग ती कोणाशीही न बोलता वर गेली, साहेबांच्या केबिनमध्ये.

निलंबित मुलांनी कार्ड जमा करायचं असतं. ते मामाच्या खिडकीवर. कार्डाचा कोपरा कापायचा, फाइलला लावायचं, आणि परतीची पावती भरून द्यायची. कोपरा कापायचं यंत्र त्यानेच मागवून घेतलेलं, जोर लागत नाही, नुसतं दाबायचं.

मंगळवारी रांग लागली. पोरं गप्प होती. रसायनशास्त्राचा पोरगा खिडकीशी आला, वाकला आणि अगदी मामाच्या चालीवर म्हणाला, "मान सरळ. हनुवटी खाली. केस कानामागे घेऊ का, मामा? दोन्ही कान?" कोणी हसलं नाही. मामाने कोपरा कापला. पावती भरताना त्याचं सुबक अक्षर पहिल्यांदाच वेडंवाकडं आलं.

बारावी ती आली. कार्ड ठेवलं. पावतीवर पुन्हा तोच रकाना. मामाचं पेन तिथे थांबलं. तिने आत वाकून पाहिलं.

"मामा, या वेळी रिकामे ठेवावे. ही कागदाची पावती आहे. संगणक नाही."

तिच्या आवाजात राग शोधला तरी सापडत नव्हता. ती नुसती मदत करत होती. मामाने रकाना मोकळा ठेवला. "पोरी," तो म्हणाला, पण तोवर ती खिडकीपासून निघाली होती.

रांग संपत आली. तीस झाले. मामा फाइलीची दोरी बांधायला लागला, तेवढ्यात खिडकीतून एक कार्ड आत आलं. त्यावरचा फोटो ओळखीचा. दुसऱ्यांदा काढलेला.

"मामा, माझं पण."

त्याने वर पाहिलं. तिने केस दोन्ही कानांमागे घट्ट घेतले होते. पांढरी रेघ चकचकीत दिसत होती.

"तू कशाला..." तो कुजबुजला. "मी तुझी जागा..."

"एक जागा मोकळी होती ना?" मिरची तितक्याच हळू बोलली. "तुमच्या हातात एक होती. मी वर जाऊन म्हटलं, माझं नाव घाला, तिचं काढा. साहेब म्हणाले, काढता येत नाही. फक्त वाढवता येतं. आता एकतीस पूर्ण झाले, मामा. यादी अचूक झाली."

"मिरचे, घरी बोलू."

"कार्ड कापा ना."

त्याचा हात यंत्रावर होता, पण दाबला जाईना. जोर लागत नाही असं ते यंत्र. तिने खिडकीतून हात आत घातला, त्याच्या बोटांवर बोटं ठेवली आणि दाबलं. प्लास्टिकचा तुकडा टेबलावर पडून घरंगळला.

मग पावती. नाव. वर्ग. कायमचा पत्ता. तिथे मात्र त्याचं पेन आपसूक चालू लागलं. घर नंबर लिहून झाला, गल्ली लिहायला घेतली, आणि तिने कागदावर तळवा ठेवला.

"तो लिहू नका."

"मग काय लिहू?"

"तिच्या पावतीवर लिहिलंत तेच."

घर नंबर पूर्ण झाला होता. मामाने त्यावर एक रेघ मारली. सरळ रेघ मारायला त्याला पट्टी लागायची नाही कधी, आज ती तिरकी गेली. पावती त्याने खिडकीतून बाहेर दिली. तिने घडी घातली, खिशात ठेवली आणि 'आभारी आहे' असं त्या मुलीच्याच पुस्तकी आवाजात म्हणाली. नक्कल हुबेहूब होती.

ती पायऱ्यांकडे गेली नाही, फाटकाकडे गेली. फाटकाशी ती परदेशी मुलगी एका बॅगेवर बसून तिची वाट बघत होती. बॅगेशेजारी आणखी एक पिशवी होती. मामाच्या घरातली, दाराआडच्या खुंटीला असायची ती.

खिडकीवर टकटक झाली. प्रथम वर्षाची एक मुलगी, नव्या कार्डासाठी. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आत येऊन स्टुलावर बसली, पाठ ताठ केली, आणि कोणी न सांगता केस कानामागे घेतले. वरच्या वर्गातल्यांनी तिला शिकवून पाठवलं असणार.

"असं ना, मामा?"

मामा कॅमेऱ्यामागे उभा राहिला. 

"मामा? काढताय ना?"